शमुवेल सरांची नववी फ्लॉपी

शमुवेल सर कॉम्प्युटरात फ्लॉपी घालायच्या आधी साबणानं हात धुवायचे, चपला उंबऱ्याबाहेर काढायचे आणि शेजाऱ्यांना शिंकायची बंदी घालायचे. शेजारी म्हणजे मीच. बेलापूरच्या बाजारपेठेत त्यांचा टायपिंगचा क्लास आणि माझं शिंप्याचं दुकान, मध्ये एकच भिंत. मी चौथी नापास. पण चाळीस वर्षांत कुणाची बाही आखूड केली नाही. यंत्राला तेल घालावं, पट्टा ओढावा, त्यानं चालावं, एवढं मला कळतं. चालायच्या आधी ज्याला शिकवावं लागतं ते यंत्र कसलं?

"अप्पा, कॉम्प्युटर जन्मतः अडाणी असतो," सर म्हणायचे. "त्यात ऑपरेटिंग सिस्टीम भरली की शहाणा होतो."

"मंग आपल्या सरपंचात बी भरा की एक!"

सर हसायचे नाहीत. "घाई नको, प्रोसेस चालू आहे." हे त्यांचं पालुपद. भात करपला तरी प्रोसेस चालू, एसटी चुकली तरी प्रोसेस चालू.

झालं असं, की टायपिंगला पोरी येईनात. सगळ्या श्रीरामपूरला कॉम्प्युटर शिकायला जाऊ लागल्या. म्हणून सरांनी टाइपरायटर विकून जुना कॉम्प्युटर आणला. त्याचं डोकं पार रिकामं. सगळं शहाणपण एकवीस फ्लॉप्यांत, म्हणजे तळहाताएवढ्या चपट्या चौकोनी तबकड्यांत. सोमवारी सहा पोरी यायच्या होत्या. तोवर तो चालला नाही, तर पोरी श्रीरामपूरला आणि क्लासला कुलूप.

फ्लॉप्यांना धूळ लागू नये म्हणून सरांनी मला एकवीस खिशांची पिशवी शिवायला सांगितली. वर दोऱ्यानं आकडे. असले लाड मी नवरदेवाच्या कोटाचेही केले नाहीत. तरी शिवली. मापाला दिलेल्या फ्लॉप्या एकेका खिशात बसवून पाहिल्या. मग गिऱ्हाइकाला टाचणी टोचू नये म्हणून, माझ्या रिवाजाप्रमाणं, जुन्या रेडिओच्या स्पीकरचा लोहचुंबक वरून फिरवला. नवव्या खिशात टाचणी अडली होती. तिथं चांगला दाबून दोनदा घासला. निघाली. आमच्या कामात कसूर नसते.

शनिवारी सर बसले. कॉम्प्युटर एकेक फ्लॉपी मागायचा, सर नैवेद्य दाखवावा तशी पुढं करायचे. आठ गेल्या. नववीला तो दाढ दुखल्यासारखा कुरकुरला आणि थांबला. सरांनी फ्लॉपी पुसली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा नववीला अडला.

मी दारातून म्हणालो, "नववीत नापास व्हय? माझ्यापरास लई शिकला की!"

सरांनी पिशवीकडं पाहिलं. मग माझ्या गळ्यात दोरीनं लटकणाऱ्या चुंबकाकडं पाहिलं. आणि कॉम्प्युटर बंद केला.

रविवारची उपासना कधी न चुकवणारा हा माणूस पहिल्या बसनं नगरला गेला, जुन्या विद्यार्थ्याच्या घरी. संध्याकाळी परतला तेव्हा वरच्या खिशात एक फ्लॉपी आणि खिशावर हात, छातीत कळ आल्यासारखा.

सोमवारी पोरी यायच्या आत यंत्र सुरू झालं. नवव्या फ्लॉपीसाठी नगर गाठावं लागल्याचं सरांनी सांगितलं, तेव्हा एकीनं विचारलं, "सर, ती नववी कशानं बिघडली?"

"ओलाव्यानं," सर म्हणाले.

मे महिन्यात! आमच्याकडं मे महिन्यात माणसाच्या तोंडाला थुंकी सुटत नाही. एवढा शिकलेला माणूस, पण खोटं बोलायची अक्कल नाही. मी फळ्याकडं पाहिलं. पहिलाच नियम लिहिला होता: फ्लॉपीजवळ लोहचुंबक आणू नये. चौथीपर्यंतचं वाचन तेवढ्याला पुरलं.

पोरी गेल्यावर मी जाब विचारला. "तुमाला शनवारीच कळलं हुतं. मंग मला चार शिव्या का न्हाई घातल्या?"

सरांनी चष्मा काढून पुसला.

"तुम्ही महिनाभर रुसला असता, अप्पा. क्लास सुटला की इथं दुसरं कोण येतं? तुम्ही टोमणे मारायला येता. पण येता."

मी खुर्ची ओढली आणि त्या यंत्रापुढं बसलो.

"दावा काय त्ये. पर मला पटनार न्हाई, आधीच सांगतो."