विषय: नाना

दूधवाला आला की आमच्या शेजारचे नाना आधी म्हणतात, "विषय: दूध," आणि मग पातेलं पुढे करतात. डॉक्टरांकडे "विषय: गुडघा." एकदा कुणाच्या सांत्वनाला गेले, तर तिथेही "विषय: तुमचे वडील" म्हणून मांडी घालून बसले. त्या घरच्यांना रडावं की हसावं कळेना. मधेच कुणी दुसरं काही काढलं की नाना हात वर करतात. "त्याचा वेगळा धागा काढा."

ही खोड त्यांना संगणकावरच्या जुन्या चर्चागटांनी लावली; तिथे प्रत्येक विषयाच्या चर्चेला वेगळा धागा असे. जळगावात फोनच्या तारेवर मोडेम किरकिरायचा, तेव्हापासून नाना तिथे रमलेले. संगणक एकमेकांना जोडण्याचं स्वप्न ज्यांनी सगळ्यात आधी पाहिलं, त्यांचं म्हणणं नानांना पाठ होतं: माणसं यापुढे गल्लीमुळे नाही, आवडीमुळे एकत्र येतील. "जात नाही, गाव नाही, फक्त विषय," ते सांगत आणि आम्ही माना डोलवत असू. प्रत्यक्षात त्या गटांत भांडणं झाली, जाहिराती घुसल्या, माणसं पांगली. नाना मात्र कितीतरी दिवस रिकाम्या गटात प्रश्न टाकत राहिले. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

त्या गटात एके काळी धुळ्याचे एक आबा होते. भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजावीत की गॅसवर, यावर दोघं वर्षानुवर्षं भांडले. भेटले मात्र कधीच नाहीत. भेटलं की विषय भरकटतो, हे नानांचं तत्त्व. गेल्या हिवाळ्यात ते तत्त्व मोडून नाना मला घेऊन धुळ्याच्या एसटीत बसले. वाटेत गॅसविरुद्धचे मुद्दे घोकत होते.

आबांनी प्रेमानं चहा दिला. नानांनी लगेच विचारलं, "मग काड्यांचं काय ठरलं?"

"आता काय भांडायचं, नाना? सून देईल ते खायचं. तुमचा नंबर द्या, ग्रुपमध्ये घेतो तुम्हाला."

नानांनी नंबर सांगितला आणि परतीची गाडी पकडली.

तेव्हापासून रोज सकाळी आबांचं गुलाबाचं चित्र येतं, खाली 'शुभ सकाळ'. असल्या चित्रांना नाना कचरा म्हणायचे. हल्ली चहाच्या आधी फोन घेऊन ओट्यावर बसतात. एकदा गुलाब आला नाही, तर मला बोलावून रेंज तपासायला लावली.

मला राहवेना. म्हटलं, "नाना, ते ग्रुपमधल्या सगळ्यांनाच जातं."

नाना एरवी माझ्याशी शुद्ध बोलतात. त्या दिवशी घरच्या अहिराणीत हळूच म्हणाले, "माले माहीत शे, बठ्ठास्ले जास. पन त्या बठ्ठास्मा मी शे ना."