भजनात सापडलेला सेगा

आमच्या बेटावरच्या क्वात्र बॉर्न गावातल्या मराठी मंडळाची संस्कृती शंभर टक्के शुद्ध आहे, याबद्दल मंडळात कोणालाच शंका नव्हती. म्हणूनच १९८८ साली ती यंत्राने तपासून घ्यायचे ठरले.

गणेशचतुर्थीला एका मंडळाचे भजन टीव्हीवर दाखवणार होते, आणि अट होती शुद्धतेची. अध्यक्ष सत्यदेव वर्षानुवर्षे हार्मोनियम बडवत आले होते. एकदा तरी आपण टीव्हीवर दिसावे आणि त्रियोले गावच्या मेहुण्याने ते उघड्या डोळ्यांनी बघावे, एवढीच त्यांची आस होती. त्यांनी पुतण्याला बोलावले. हा जयराम इस्पितळात रक्त तपासायचा, आणि फ्रान्सहून त्याने एक संगणक आणला होता. आवाज ऐकवला की तो वाद्याचे नाव सांगे.

ढोलकीवर थाप पडली. पडद्यावर उमटले: रवान. बेटावरच्या गुलामांनी रुजवलेल्या सेगा नाचातला डफ! झांजेला यंत्राने सेग्यातला लोखंडी त्रिकोण ठरवले आणि सत्यदेवांच्या हार्मोनियमला अकॉर्डियन. खाली निकाल होता: सेगा.

सत्यदेवांचा चेहरा उतरला. "ह्याला शिकवलं कोणी?"

"मीच, काका. बाजारात सेग्याच्याच कॅसेटी मिळाल्या."

"बे, मग आपलं भजन शिकव की!"

"शिकवायला शुद्ध नमुना लागतो. आणि शुद्ध हाय का नाय, ते यंत्रच सांगणार."

"मग ठाऊक नाय, असं तरी म्हणू दे त्याला."

"तसं रक्ताचं चालतं. काविळीत अ जातीचा विषाणू नाय, ब जातीचा नाय असं निघालं, तर आमी तेवढंच लिहून देतो. ह्या मशीनला तेवढी अक्कल नाय."

यावर कोणताही शहाणा माणूस यंत्र परत पाठवील. आम्ही शुद्धीकरण उपसमिती नेमली. उपसमितीने ढोलकी काढली. झांज काढली. टाळ्यांतही यंत्राला रवान ऐकू आले, तेव्हा हात बांधून बसायचे ठरले. मग हार्मोनियमची पाळी आली. सत्यदेवांना रडू फुटायचेच बाकी राहिले, पण टीव्हीसाठी त्यांनी स्वतःच ठराव मांडला. शेवटी गळ्यातही ठेका सापडला आणि गाणेही गेले. यंत्राने सगळ्यांची शांतता मन लावून ऐकली आणि लिहिले: सेगा नाही.

निवड झाली.

"आयो, वाजवायचं नाय, गायचं नाय, मग देवासमोर तोंडं बघत बसायचं?" सत्यदेवांची बायको कामिनी म्हणाली. "आमची आजीपण ह्याच ठेक्यावर नाचायची. देव कधी रागावला नाय."

पण तिचे मत उपसमितीपुढे आलेच नाही.

चतुर्थीला टीव्हीवर आम्ही हात बांधून, ओठ मिटून भजन केले. आवाज गेला समजून लोकांनी आधी टीव्हीला थपडा मारल्या. मग ही संस्कृती आहे हे कळल्यावर ते अदबीने बसून राहिले. मेहुण्याचा फोन आला, "वा! एक सूर चुकला नाय!"

सत्यदेवांना अभिमान वाटला, आणि तितकेच वाईटही वाटले. फोन ठेवून त्यांनी हार्मोनियम ओढली आणि भाता उघडला. तेच भजन, पण आज ते मोकळ्या हाताने वाजले. कामिनी परातीवर ठेका धरून कधी नाचू लागली, तिलाही कळले नाही. हा सेगाच होता, पहिल्यापासून होता, आणि इतके गोड त्यांनी जन्मात वाजवले नव्हते. ते घाबरून उठले आणि त्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

बाहेर सगळी गल्ली गपगार होती; नीट कान दिला तरच घराघरांतून तोच ठेका ऐकू येत होता. दिवस सणाचा असूनही घरोघरच्या खिडक्या आधीच बंद होत्या. तुमच्यासुद्धा.