हळदीच्या कॅसेटीतील अखेरची अकरा मिनिटे

श्री. ज्या उजेडाने पडद्यावर माणसे चालती होतात आणि ज्या अंधाराने ती खरी वाटतात, त्या दोहोंस नमन करून, डोळ्यांदेखत जे घडले तेवढेच लिहिले जाते. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, माघ मासी, बुधवारी दुपारी तीन वाजता राज्यात मोठे रण जाहले. राज्य म्हणजे एक पडदा, सहाशे खुर्च्या आणि त्यांजवर श्रीमंतांचा अंमल. श्रीमंत म्हणजे चित्रपटगृहाचे धनी. त्यांचे दरबारी शर्वाणीबाई घोलप, वय वर्षे अठ्ठावीस, आपला पहिला चित्रपट 'हळदीची कॅसेट' घेऊन दाखल जाहल्या. कथा अशी की, तीस वर्षांमागे कुसुम नावाच्या मुलीचे लग्न निघाले, भाऊ दिगंबर याने मागून आणलेल्या कॅमेऱ्याने शूटिंग केले, हळदीच्याच दिवशी कुसुमच्या अंगात काही शिरले, आणि ती कॅसेट पुढे ट्रंकेत सापडली. कॅसेटीत जे आहे तेच आपण पाहायचे, दुसरे काही नाही. श्रीमंतांनी चित्रपट पाहिला आणि बोलिले, "बाई, शेवटची अकरा मिनिटे कापा. कॅमेरा जमिनीवर पडलेला, दिसतात नुसते पाय. माझी माणसं पाय बघायला येत नाहीत." शर्वाणीबाई बोलिल्या, "तो शेवट गेला तर चित्रपट मला परत द्या. त्या पायांसाठीच मी बाकीचं सगळं केलंय." मग करार ठरला की, बिडी कारखान्यातल्या साठ बायकांस पाचारण करावे, त्यांस चित्रपट दाखवावा, आणि शेवटच्या अकरा मिनिटांत एक जरी बाई खुर्चीवरून उठली, तरी कात्री चालवावी.

त्याप्रमाणे बायका कामावरून थेट आल्या, हाताला तंबाखूचा वास तसाच, आणि दिवे मालवले. आरंभीच पडद्यावर बदामाचा आकार उमटला, त्यात नवरानवरीची नावे, भोवती गुलाबाच्या पाकळ्या, कोपऱ्यात तांबड्या आकड्यांत तारीख. तेव्हा सारी सेना हर्षित जाहली. त्या काळी प्रत्येक घरच्या कॅसेटीत हाच बदाम असे आणि पाहुणे जमले की तीच कॅसेट पुन्हा लागे, हे आम्हां चित्रपटगृहाच्या जुन्या चाकरांस लख्ख आठवले. मग हळदीची गाणी चालली, बायका जात्याभोवती गातात, आणि चौकटीच्या पार कडेला नवरी मान एकीकडे टाकून बसली आहे, तिजकडे कोणाचे लक्ष नाही, कॅमेऱ्याचेही नाही. आम्हांस मात्र दिसते. ऐशी भीती आम्ही साठ वर्षांत पाहिली नव्हती. पुढे कुसुम हळूच तोंड वळवू लागली, इतक्यात मधेच सात सेकंद क्रिकेटची मॅच लागली, कारण कोणीतरी कॅसेटीवर तीच टेप केली होती. सगळ्या हसल्या, "आमच्या ह्यांनी पण असंच केलं होतं गं, बारशावर मॅच," ऐसे एक बोलली, आणि ते हसू तोंडात असतानाच मॅच सरली आणि कुसुमचे तोंड थेट समोर. साठ बायकांनी एकदम खुर्चीचे हात धरले. शर्वाणीबाईंनी तो गड असा हसवून घेतला.

परंतु उणे होते ते झाकणे बखरीस शोभत नाही. मांत्रिक आला आणि अर्धा तास धूरच केला. घरगुती कॅसेटीत मागून मोठा वाद्यवृंद वाजू लागला, तो कोठून आला हे कोणी सांगितले नाही. कॅमेऱ्याची बॅटरी दोन दिवस उतरली नाही. कुसुमचे डोळे पांढरे केले, ते नुसते बसलेल्या मानेहून कमी भयाचे. आणि सर्वांहून मोठे उणे हे की, कुसुम घुमते, डोके आपटते, आणि दिगंबर समोर उभा राहून शूटिंगच करतो. तेव्हा रांगांतून आरोळ्या उठल्या, "अरं ए मुडद्या, ठिव ते खाली. बहीण हाय तुझी." एक बोलली, "वरातीचं पण काढशील का रे आता?" तुळसाबाई गुरव म्हणून सत्तरीची बाई पहिल्या रांगेत होती. देवळात बायांना वारे आले की मागे बसून कंबर धरण्याचे काम चाळीस वर्षे तिचेच. ती मात्र पदर मुठीत पिळीत राहिली.

मग अखेरची अकरा मिनिटे लागली. दिगंबरने कॅमेरा जमिनीवर ठेविला. वाद्ये थांबली. चौकटीत कुसुमचे हळद लागलेले पाय फरशीवर तडफडतात, आणि दिगंबरचे पाय पुढे येतात, मागे जातात, पुढे येतात. त्यास धरता येईना. सहा मिनिटे अशीच गेली, आणि तुळसाबाई उठली. श्रीमंत मागून हर्षाने बोलिले, "उठली, उठली." ती पायऱ्या चढून पडद्यापाशी गेली, आणि कुसुमच्या घोट्यावर हात टेकून बोलली, "म्होरनं नको लेकरा. मागनं बस. कमरेला धर." आणि पडद्यावर दिगंबरचे पाय फिरून कुसुमच्या मागे गेले, बसले, आणि चारही पाय हळूहळू शांत जाहले.

दिवे लागले. श्रीमंत बोलिले, "करार म्हणजे करार. बाई उठली." तुळसाबाई बोलली, "मालक, दार तिकडं हाय. मी इकडं गेले." श्रीमंत दाराकडे पाहते जाहले, मग पडद्याकडे. मग तुळसाबाई शर्वाणीबाईंस बोलली, "पोरी, शेवट लई खरा केलास. पण भरल्या लग्नघरात तिला धरायला एक बाई नव्हती, असं कुठं घर असतंय का?" शर्वाणीबाई खाली मान घालून बोलिल्या, "भुतं मी पडद्यावरच पाहिली हो, आजी. घरात नाही."

येणेप्रमाणे रण जाहले. मान, मॅच आणि पाय ही बळे. धूर, वाद्ये आणि न आलेली बाई ही उणी. कात्री कपाटात गेली, शेवट तैसाच राहिला. पडद्यावर घोट्याच्या जागी तंबाखूचा पंजा उमटला होता. पुसावयास माणूस आला, त्यास श्रीमंतांनी परत धाडले. तो पंजा अद्याप आहे, आणि कोणताही चित्रपट लागो, तेथे कोणाला तरी धरून असतो.