मोघे सर आणि अनधिकृत बांधकाम

माणसं 'कोथिंबीर' म्हणतात तितक्या सहज आमचे मोघे सर 'कॅन्सर' म्हणायचे. तेही लग्नाच्या पंगतीत, मठ्ठा वाढणाऱ्याला थांबवून. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. "त्यांना 'ते' झालंय म्हणे," एवढंच, आणि तेवढ्यालाही आवाज खाली. सर मात्र भर जिन्यात, हातात भाजीची पिशवी, आवाज खणखणीत.

सर कल्याणच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहायचे. नव्वदच्या आसपासचे दिवस होते. पेशीतली कुठली जनुकं बिघडली की कॅन्सर होतो, याचे नवेनवे शोध लागत होते. प्रत्येक शोधाची झेरॉक्स मुंबईच्या लायब्ररीतून काढून आणल्याशिवाय सरांना अन्न गोड लागत नसे. ती वाचायला आम्ही तयार नव्हतो, म्हणून ते समजावून सांगत. सुटका नव्हती.

"मुळात प्रश्न शिस्तीचा आहे," अशी सुरुवात. "शरीर म्हणजे सोसायटी. पेशीने आपापल्या ब्लॉकमध्ये राहायचं, वाढायचं ते परवानगीने. एखादी बिघडते. आधी नुसती गॅलरी बंद करते. तेवढ्याने कॅन्सर होत नाही. वर्षं जातात. मग आणखी एक बिघाड, आणखी एक. 'थांब' म्हणणारं जनुक म्हणजे आपला वॉचमन. तोच झोपला की मजल्यावर मजला! मग ती स्वतःची पाण्याची लाइन ओढून घेते, म्हणजे रक्तवाहिनी हो! आणि शेवटी पार आंबिवलीला शाखा काढते."

हे त्यांनी सोसायटीच्या सभेतही सांगितलं. तळमजल्यावरच्या पाटकरांनी नुकतीच गॅलरी बंद करून घेतलेली.

"सर, तुम्ही मला कॅन्सर बोललात?"

"छे! तुम्हाला नाही. तुमच्या गॅलरीला."

पाटकर वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. सरांच्या ते लक्षातही आलं नाही.

अशा माणसाला आईपासून लांब ठेवायचं म्हणून एका उन्हाळ्यात आम्ही घराला पहारा लावला. आईच्या छातीत गाठ निघाली होती. रिपोर्ट वाईट होता. त्यातलं इंग्रजी कळेना म्हणून तो मी सरांना दाखवला होता, त्यामुळे त्यांना सगळं ठाऊक. सांगलीहून मामा आला आणि त्याने फतवा काढला, "ताईला यातलं अक्षर कळता कामा नये. धसका घेईल." तेव्हा बहुतेक घरांत हेच करत. आम्ही आईला सांगितलं, चरबीची गाठ आहे, साधी, ऑपरेशन करून काढून टाकू.

आई म्हणाली, "साधी आहे ना? मग राहू दे की. कैऱ्या आल्यात, लोणचं घालून होऊ दे."

घ्या! डॉक्टर म्हणत होते, उशीर करू नका. आम्ही जितकं 'साधी, साधी' म्हणावं तितकी ती ऑपरेशनला नकार देणार. स्वतःच्याच थापेत आम्ही अडकलो होतो आणि मला मामाचा असा संताप येत होता की सांगता सोय नाही.

एका दुपारी मी आणि मामा आतल्या खोलीत कुजबुजत असताना बेल वाजली. दार आईनेच उघडलं. आम्ही पडद्यापर्यंत पोचलो तेव्हा मोघे सर खुर्चीत बसलेही होते.

"सर, तुम्ही यातलं वाचता," आई म्हणत होती. "चरबीची गाठ असली तर मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात कशाला नेतात हो? आणि माझा भाऊ माझ्याशी एवढं गोड का बोलतोय?"

मामाने माझा दंड घट्ट धरला.

"कॅन्सर आहे, वहिनी." इतक्या हळू हा शब्द मी सरांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "पण गाठ लहान आहे, पसरलेली दिसत नाही. आत्ता काढलीत तर बऱ्या होण्याची चांगली आशा आहे. लोणच्यासाठी थांबू नका."

सर चष्मा पुसत राहिले.

"आमच्या हिला आम्ही संधिवात सांगितला होता. थोरल्या भावाने ठरवलं, मी मान डोलावली. हाडांत पसरला होता. ती पाठीला तेल लावा म्हणायची, मी लावायचो. दिवाळीत कोकणात जायचं, असले बेत करायचो आम्ही. तिचा निरोप घ्यायचा राहूनच गेला, वहिनी. संधिवातात कोण कुणाचा निरोप घेतं?"

मला रडू आवरेना.

"पडद्याआड कोण आहे? बाहेर या," आई म्हणाली. "आता काय बोलायचं ते माझ्यासमोर बोला. ऑपरेशन कधी करायचं म्हणतात?"

आम्ही बाहेर गेलो. ताई धसका घेईल म्हणणारा मामा तिच्याजवळ जाऊन बसला आणि हमसून रडायला लागला. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. सर उठून दारात चपला शोधत होते.

"तुम्ही कुठे निघालात?" आई म्हणाली. "मला भीती वाटतेय, सर. बसा जरा."

सर बसले.