मधली जागा देवीची

"आई, नीट ऐक. एवढी रुंद स्क्रीन आणलीय मी, ती सगळीच्या सगळी वापरायची! एका अंगाला काम, दुसऱ्या अंगाला मी. आणि कामाच्या नादात मला विसरायचं न्हाय!"

राजनंदिनीचा हा आवाज शिवकन्येच्या कानात अजून जसाच्या तसा होता. पुण्याला नोकरीवर परत निघताना लेकीच्या एका हातात पिशवी होती, दुसऱ्या हातात बसचं तिकीट आणि तोंडात ही सूचना. पहिल्या पगारातून घेतलेला तो मॉनिटर मागं टेबलावर बसलेला होता. केवढा? तर कळंबच्या त्या पुढच्या खोलीतली अर्धी खिडकी त्यानं झाकली आणि शेजारच्या सिताबाई दारातून डोकावून म्हणाल्या, "शिवकन्याबाई, लग्नपत्रिकेचं दुकान मोडून थेटर काढताय व्हय?"

विसरायचं न्हाय म्हणे! पहाटे देवापाशी दिवा लावताना लेक, तुळशीला पाणी घालताना लेक, भाकरी थापताना तर तव्यावर दुसरं कोण दिसायचं? तरी शिवकन्येनं मनाशी ठाम ठरवलं, लेकीनं हौसेनं आणलंय, या स्क्रीनचा इंचन् इंच वापरीन!

अडचण पहिल्याच दिवशी आली. पडद्यावर तिनं येडाईचा फोटो लावला, तर तो या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणला गेला आणि देवीचा मुखवटा दुरडीएवढा झाला! शिवकन्येनं गालांवर चापट्या मारून घेतल्या आणि लेकीला फोन लावला. लेकीनं पुण्यातून सांगून सांगून फोटो नीट करवून घेतला. आता देवी मधोमध, अगदी गाभाऱ्यात असावी तशी, आणि दोन्ही अंगांना दोन काळ्या पट्ट्या.

"आता याच्यावर तुझी कामं उघड," लेक म्हणाली.

"देवीच्या अंगावर?" शिवकन्येनं हळू आवाजात विचारलं.

"अगं, तो नुसता फोटो हाय!"

"देव्हाऱ्यातला बी फोटोच हाय नंदे. त्याच्यावर लग्नपत्रिका चिकटवू का?"

पुण्यानं फोन ठेवून दिला.

तेव्हापासून डाव्या पट्टीत लग्नपत्रिका, उजव्या पट्टीत लेकीशी चाललेलं लिहिणं-बोलणं आणि मधली सगळी जागा देवीची. पट्ट्या एवढ्या अरुंद, की पत्रिका उघडली की ओळी मोडून मोडून ती लांबत जायची आणि वरचं अर्धंच अंग दिसायचं. नवरा बजरंग आडत दुकानावरून आला की कपाळाला हात लावायचा. "अगं, समदं वावर पडीक ठेवून बांधावर पेरणारी बाई म्या आजच बघितली!"

शिवकन्या तोवर पुढची पत्रिका उघडायची. तिचं बोलणं तसंही कमीच. रोज पहाटे पोथीचा एक अध्याय, शुक्रवारी एक वेळ जेवण आणि मंगळवारी मौन. सूर्य उगवल्यापासून सांजेचा दिवा लागेपर्यंत एक अक्षर नाही! गिऱ्हाइकांना हे ठाऊक होतं, ती खुणांवर भागवून घ्यायची. बजरंगला तर आठवड्यात मंगळवारच सगळ्यात प्यारा. "देवीची लई कृपा हाय आपल्यावर," असं तो त्या दिवशी मोठ्यांदा म्हणायचा, कारण उलट उत्तर यायची भीती नसायची.

पण एक नवस शिवकन्येनं बजरंगला सांगितला नव्हता. 'आई येडाई, लेक आपल्या मनानं घरी येऊ दे. म्या अनवाणी येरमाळ्याला तुझ्या दारी चालत येईन.' दिवाळी गेली, संक्रांत गेली, येडाईची यात्रा गेली. प्रत्येक वेळी उजव्या पट्टीतून लेक म्हणायची, "आई, आमच्या सॉफ्टवेअरची रिलीज आहे गं." रिलीज म्हणजे काय ते शिवकन्येला कळलं नव्हतं. पण ती नेमकी सणाच्या तोंडावर येते, एवढं ध्यानात आलं होतं.

अशाच एका मंगळवारी खेड्यावरचे उत्तरेश्वर अण्णा आपल्या लेकीची, शिवरंजनीची पत्रिका करायला आले. चष्मा घरी विसरलेले, पण मजकूर तोंडपाठ. स्टुलावर बसून त्यांनी घसा साफ केला.

"लिहा ताई. आमची कन्या शिवरंजनी हिचा शुभविवाह…"

शिवकन्येनं डावीकडं लिहिलं. तेवढ्यात उजवीकडं टिंग! लेकीचा प्रश्न आला, 'आई, काय चाललंय? काही विशेष?'

लेकीचं नाव दिसलं की शिवकन्येचा जीव तिकडं धावायचाच. तिनं उजवीकडं टिचकी मारली. आता उत्तर लिहिणार, तोच अण्णा पुढं सुरू झाले! आणि शिवकन्येची बोटं म्हणजे पाण्याच्या पाटासारखी. वरून सोडलं की खाली वाहायलाच लागायची.

"वाशी येथील चि. कृष्णराज, बी. ई., नोकरी पुणे, यांच्याशी करण्याचे योजिले आहे…"

टक टक टक. एंटर!

"रविवार दिनांक चोवीस मे रोजी, दुपारी साडेबारा…"

एंटर!

"वेळेअभावी समक्ष भेटून सांगता आले नाही. तरी हेच निमंत्रण समजून अगत्य यावे."

एंटर!

अण्णांनी समाधानानं उपरणं झटकलं आणि उजव्या पट्टीत व्हिडिओ कॉल ठणाणा वाजायला लागला.

"आई! कोण कृष्णराज?" लेक किंचाळलीच. "आणि 'समक्ष सांगता आले नाही'? स्वतःच्या पोरीला?"

शिवकन्येला काही उमजेना. तिनं ओठांवर बोट ठेवलं, मधल्या देवीकडं हात केला आणि हात जोडले. तिच्या मते याचा अर्थ होता, 'बाई गं, आज मंगळवार, माझं मौन हाय.' लेकीनं अर्थ लावला, 'देवीची इच्छा, आता मुकाट्यानं उभी राहा!'

"देवीला मधी आणू नको! मला न विचारता ठरवणार न्हाय म्हणून शब्द दिला होतास ना? आणि मुद्दाम मंगळवार धरलास, म्हणजे बोलावंच लागणार न्हाय!"

अण्णांनी स्टूल पुढं ओढून अर्धं तोंड कॅमेऱ्यात घातलं. "कोण, राजनंदिनी व्हय? लग्नाला यायचं हां बाई! तुझ्याबिगर शोभा न्हाय!"

पलीकडं लेकीला नुसतं अर्धं तोंड आणि उपरणं दिसलं.

"पाहुणे घरात येऊन बसलेत?" एवढंच बारीक आवाजात आलं आणि कॉल कटला.

तेव्हा कुठं शिवकन्येचं लक्ष डाव्या पट्टीकडं गेलं. तिथं शिवरंजनीचा शुभविवाह कुणाशी होणार याचा पत्ताच नव्हता. तो सगळा लेकीकडं जाऊन पडला होता! तिनं घाईघाईनं उजवीकडल्या ओळी उचलल्या, डावीकडं पत्रिकेत बसवल्या. आणि मग कीबोर्डवर वाकून, डोळे पुसत, लेकीला लिहायला घेतलं.

'अगं घाबरू नको, हे लग्न तुझं न्हाय. तुला इचारल्याबिगर म्या काय करीन का? पण दोन दिवस तरी ये. तू न्हाईस तर घर खायला उठतंय. पुरणपोळी करते. वाट बघती.'

एंटर. इतके दिवस जे ओठांवर यायचं आणि 'रिलीज'पाशी अडायचं, ते लिहून झालं. तिला लई हलकं वाटलं.

एरवी पत्रिका झाली की शिवकन्या ती पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवायची. आज मौन! तिनं पडद्याकडं बोट केलं, म्हणजे तुम्हीच वाचा. अण्णांनी रिकामे डोळे चोळले. "चष्मा कुठाय ताई? तुमी उपासतापास करणाऱ्या, तुमच्या हातनं काय चुकायचंय! छापा!"

शिवकन्येनं दिसत होता तेवढा भाग मनातल्या मनात वाचला, बरोबर होता. आणि पत्रिका धाराशिवच्या छापखान्याला पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी राजनंदिनी दारात हजर! डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. शिवकन्येचं मौन सुटलेलं होतं. तिनं उंबऱ्यातच सगळं सांगितलं. लेक आधी रडली, मग हसली, मग दोन्ही मिळून करायला लागली.

"पण मग मला तसं लिहायचंस ना!"

"लिहिलं की! तुझं उत्तरच न्हाय आलं."

"कुठाय? एकपण मेसेज न्हाय, बघ."

खरंच नव्हता. गेला कुठं? बजरंग म्हणाला, "पुण्याच्या वाटंवर घाट हाय, घाटात घसरला असंल."

लेकीनं आपला लॅपटॉप त्या मॉनिटरला जोडला आणि या काठापासून त्या काठापर्यंत आकड्यांचे तक्ते पसरले. देवी दिसेनाशी झाली! शिवकन्येनं तोंड फिरवून देवीची माफी मागितली आणि पुरणासाठी हरभऱ्याची डाळ भिजत घातली. पण डाळ भिजेपर्यंत लेकीचा फोन वाजला आणि पहाटेच्या बसनं ती परत गेलीसुद्धा. रिलीज होती.

भिजलेल्या डाळीची शिवकन्येनं आमटी केली. कशीही असो, लेक आली होती. मग नवस? तिनं देवीकडं पाहिलं. नवस 'आपल्या मनानं' असा होता. ही तर भ्यालेली आली आणि भ्यालेल्या लेकीचं येणं देवीपुढं मोजायचं तरी कसं? चपला पायांत राहिल्या.

थोडे दिवस गेले आणि उत्तरेश्वर अण्णा चष्मा लावून आले. हातात पत्रिका.

"ताई! हे काय छापलंय?"

बजरंगनं पत्रिका घेतली. वरचं सगळं ठीक होतं. खाली, जिथं घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या तोंडचं 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!' असं छापतात, तिथं वळणदार गुलाबी अक्षरं होती आणि दोन बाजूंना दोन पोपट. छापखानावाल्याला वाटलं, नवीन फॅशन दिसते! बजरंग मोठ्यानं वाचायला लागला. "अगं घाबरू नको, हे लग्न तुझं न्हाय…"

शिवकन्येनं पत्रिका ओढून घेतली. लेकीला लिहिलेलं सगळं, अगदी 'वाट बघती'पर्यंत, पोपटांच्या मधी! ओळी डावीकडं बसवल्यावर कर्सर तिथंच राहिला होता आणि पत्रिकेचं खालचं अंग तिच्या त्या अरुंद पट्टीत दिसतच नव्हतं.

"वाटल्या का समद्या?" तिनं कसंबसं विचारलं.

"समद्या! नवरदेवाचा फोन आला, 'मामा, लग्न माझंच हाय न्हवं?' पाहुणे इचारतेत, पुरणपोळी खरंच हाय का? आचारी म्हणतो, एवढ्या पुरणपोळ्या म्हणजे माझ्यावरच पुरण वाटायची पाळी. आणि आमची नागूबाई!"

"ती कोण?"

"माझी धाकटी बहीण. बांधावरनं भांडण झालं, तवापासून माझ्या दारात पाय न्हाय ठेवला. ती काल आली, वळकटी घेऊन! दारातच गळ्यात पडली. 'दादा, घर खायला उठतंय असं लिहिलंस, मग म्या कशी राहू?' म्हणती." अण्णांनी चष्मा काढला आणि ते तो उपरण्यानं उगाचच पुसत बसले. "आता तिला कसं सांगू, की ते म्या लिहिलंच न्हाय?"

"नव्या छापून देते अण्णा," शिवकन्या पुटपुटली.

"नको ताई. राहू द्या. फकस्त लग्नात पुरण तुमी शिजवायचं!"

शिवकन्येनं होकाराची मान हलवली. दुसरं काय करणार?

त्या पत्रिकेचा फोटो मग या फोनवरून त्या फोनवर फिरला. हसणारी तोंडं लावून लावून लोकांनी तो वाशीला पाठवला, लातूरला पाठवला आणि फिरत फिरत एकदाचा तो पुण्याला, ज्या पत्त्यावर जायचा त्याच पत्त्यावर पोचला.

सोमवारी दुपारी राजनंदिनी दारात उभी. या वेळी फोन नाही, रडणं नाही. हातात मोठी बॅग.

"काय गं, अशी अचानक?" शिवकन्या गोंधळली. "रिलीज?"

"होईल माझ्याबिगर." लेकीनं फोन पुढं केला. गुलाबी अक्षरं, दोन पोपट. "एवढं मला बोलून दाखवायचं ना, आई. साऱ्या जिल्ह्याला कळलं आणि मला सगळ्यात शेवटी!"

"बोलायलाच बसले होते की. तू रिलीज म्हणालीस की म्या गप."

लेकीनं बॅग खाली ठेवली. मग आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. ती म्हणाली, "शिवरंजनीचं लग्न होईपर्यंत हाय मी. पुरण वाटायला कुणीतरी लागंल ना तुला."

मंगळवारी पहाटे शिवकन्येनं दिवा लावला, अध्याय वाचला. सूर्य वर आला, मौन सुरू झालं. आतल्या खोलीत बाप-लेक गाढ झोपलेले. लेकीला सांगून तर जायला हवं. ती मॉनिटरपुढं बसली. लेकीचे तक्ते पुन्हा देवीवर पसरलेले होते. ते तिनं हलक्या हातानं डावीकडं सारले, मधली जागा मोकळी केली आणि उजव्या पट्टीत टिचकी मारली.

लिहिण्याआधी कर्सर कुठं आहे ते बघितलं. मग परत एकदा बघितलं. तरी धीर होईना, म्हणून पडद्यावर बोट टेकवून बघितलं!

'येरमाळ्याला जाऊन येते. डाळ भिजत घातलीय. उठून शिजायला लाव.'

एंटर. आत लेकीच्या उशाखाली फोन बारीक थरथरला. लेकीनं कूस बदलली.

शिवकन्येनं ओटीचं ताट पदराखाली घेतलं, चपला उंबऱ्याच्या आत भिंतीला लावून ठेवल्या आणि दार आवाज न होऊ देता ओढून घेतलं.