सांडलेल्या पाण्याची प्राथमिक चौकशी

पाणी सांडणे हा अपघात असला, तरी ते पुसणे ही कबुली असते. ज्या घरांना हे तत्त्व उमगले त्या घरांत शिस्त टिकली. जमीन टिकली की नाही, हा प्रश्न गौण आहे.

साहेबांचे घर शिस्तीचे. (साहेब तीन वर्षांपूर्वी हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. कार्यालयाला हे कळले आहे, त्यांना अजून नाही.) त्यांच्या दिवाणखान्यात नुकतीच सागवानी फळ्यांची जमीन बसली होती. बाईसाहेबांनी बावीस वर्षे धरलेला हट्ट होता तो. पॉलिश तेवढे बाकी होते. "लाकूड कोरं आहे. पाणी पडलं तर लगेच पुसा आणि पंखा लावा," असे बजावून सुतारकाका गेले होते.

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास त्या फळ्यांवर अंदाजे अर्धी बादली पाणी आढळले. बाईसाहेब फडके घेऊन धावल्या. साहेबांनी हात आडवा घातला.

"थांब. म्हणजे तूच सांडलंस?"

"अहो, मी कशाला सांडू?"

"मग पुसतेस कशाला?"

या युक्तिवादात खोट काढणे अवघड होते. बाईसाहेबांनी फडके आपटले. "बरं तर! ज्यानं सांडलं त्यानंच पुसावं." आणि त्या आपल्या लाडक्या फळ्यांकडे पाठ करून बसल्या.

साहेबांनी पाण्याभोवती खडूने रेघ मारली आणि जबाब सुरू केले. सून म्हणाली, आपण आंघोळीला गेलो होतो (पाण्याशी संबंध मान्य). मुलगा म्हणाला, आपण झोपलो होतो (विश्वसनीय, रोजचेच आहे). साहेबांच्या आई म्हणाल्या, "मला मेलीला वाकता येत नाही." त्यांना वाका असे कोणीच म्हटले नव्हते, त्यामुळे संशय बळावला. बाईसाहेबांनी जबाब देण्यास नकार दिला, तो चार पानांत नोंदवावा लागला.

दुपारी बारा वाजता पाहतात तो रेघेच्या आत पाणीच नाही! "बघा, प्रकरण आपोआप निकाली निघालं," साहेब समाधानाने म्हणाले. त्यांच्या कारकिर्दीत शंभरातली नव्वद प्रकरणे अशीच निकाली निघाली होती. उरलेली दहा सापडली नव्हती.

मंगळवारी फळ्यांच्या कडा वर आल्या आणि मध्ये काळे डाग उमटले. सुतारकाकांनी गुडघे टेकून हात फिरवला. "आता महिनाभर वाळू द्या, मग रंधा मारून बघू. काही फळ्या बदलाव्याच लागतील. तेव्हा नुसतं पुसलं असतं तरी भागलं असतं हो."

बाईसाहेब रडू लागल्या. साहेबांना मनापासून वाईट वाटले. त्यांनी चटकन फडके उचलले आणि ते वाकले, तोच घरातल्या चौघांच्या नजरा त्यांच्यावर खिळल्या. त्यांनी फडके हळूच खाली ठेवले.

चौकशी चालू आहे. हा वृत्तान्त ज्यांनी ज्यांनी वाचला त्यांपैकी एकानेही फळ्यांचे पुढे काय झाले हे विचारलेले नाही. पाणी कोणी सांडले, एवढेच सगळे विचारतात. आपणही तेच विचारणार होता ना? मग कृपया रविवारी सकाळी नऊ वाजता आपण कुठे होता, तेही कळवावे.