धडधाकट दात्याची अडचण

बाईंचे आयुष्य अजून अकरा वर्षे चार महिने उरले आहे, असे त्यांच्या भाच्याने त्यांच्याच टेबलाशी बसून, त्यांच्याच चहात बिस्किट बुडवत सांगितले. आणि यात काही वावगे आहे असे त्याला वाटलेही नाही.

"वरचे चार महिने कशाचे?" बाईंनी विचारले.

"सरासरी असते ती, आत्या. चौऱ्याहत्तर वयाच्या बाईला तक्त्यात तेवढंच दिलंय."

"तक्ता करणारा मला भेटलाय का कधी?"

भाचा करसल्लागार होता. तक्ता करणाऱ्याने कोणाला भेटावे लागते, ही कल्पनाच त्याला नवी होती. त्याने बिस्किट संपवले आणि पुन्हा पहिल्यापासून समजावायला घेतले. बाईंना आपले घर विद्यापीठाला द्यायचे होते. मृत्युपत्रात लिहून ठेवले तर त्यांच्या पश्चात ते मिळेल खरे, पण करात सवलत घ्यायला बाईच नसतील. त्यापेक्षा घर आत्ताच देऊन टाकायचे आणि मरेपर्यंत त्यात राहण्याचा हक्क आपल्याकडे ठेवायचा. सरकार फक्त एवढेच बघते, की दाता त्या घरात अजून किती वर्षे काढणार. वर्षे जितकी कमी, तितके दान मोठे आणि तितकी सवलत जास्त.

"म्हणजे मी लवकर गेले तर सरकारला आनंद," बाई म्हणाल्या.

"सरकारला नाही गं, आपल्याला," भाचा म्हणाला, आणि त्याने जीभ चावली.

सवलतीची बाईंना स्वतःसाठी हाव नव्हती. वडिलांच्या बंद पडलेल्या छापखान्याची जागा त्यांनी त्याच वर्षी विकली होती आणि तिच्यावर सणसणीत कर बसणार होता. त्या करातून जे वाचेल त्यातून कॉट घ्यायच्या, असे त्यांनी ठरवले होते. कारण घर द्यायचे होते ते बाहेरगावच्या मुलींच्या वसतिगृहासाठीच. भाच्याच्या हिशेबाने कॉट, गादी, टेबल आणि खुर्ची धरून आठ मुलींची सोय होत होती.

यामागे एक जुने दुखणे होते. अठराव्या वर्षी बाईंना याच विद्यापीठात वनस्पतिशास्त्राला प्रवेश मिळाला होता. वळकटी घेऊन त्या आल्या, तेव्हा खिडकीतल्या कारकुनाने मुलींच्या वसतिगृहात जागा नाही म्हणून मान हलवली. दोन दिवस ओळखीपाळखीच्यांकडे काढून त्या परत गेल्या. पुढे बाहेरून परीक्षा देऊन शिक्षिका झाल्या आणि याच गावात येऊन छत्तीस वर्षे भूगोल शिकवला. चार पैसे जमल्यावर घर घेतले तेही मुद्दाम विद्यापीठाच्या भिंतीला लागून. त्या भिंतीकडे बघून त्यांना अजून राग येत असे, आणि तो कमी व्हावा अशी त्यांची इच्छाही नव्हती.

तर अकरा वर्षे चार महिने बाईंनी नाक मुरडून मान्य केली आणि अर्ज भरायला घेतला. त्यात एक कलम निघाले. दाता गंभीर आजारी असेल तर तक्ता लागू होत नाही, म्हणून प्रकृतीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडावा. "साधारण बरी आहे, एवढ्या दोन ओळी आण," असे भाच्याने बजावले होते. पण डॉक्टर पडले बाईंचे विद्यार्थी. नववीत असताना वाऱ्यांचे प्रकार त्यांनी दोन ओळींत उरकले होते, आणि बाईंनी ते उत्तर त्यांच्याकडून दहा वेळा सविस्तर लिहून घेतले होते. ही चूक ते पुन्हा करणार नव्हते.

त्यांनी दीड पान दाखला लिहिला. बाईंचे हृदय पन्नाशीच्या माणसाला लाजवील असे आहे. दात सगळे स्वतःचे आहेत. रोज चार किलोमीटर चालतात आणि वाटेत भेटणाऱ्यांना चुका सांगण्याइतका दम त्यांच्यात शिल्लक असतो. त्यांची आई सत्त्याण्णव वर्षे जगली आणि मावशी एकशे एक. अक्षरही वळणदार काढले होते. बाईंनी दाखला तिथेच दोनदा वाचला आणि पन्नास वर्षांत प्रथमच त्या विद्यार्थ्याची पाठ थोपटली. न थांबता टपालाच्या पेटीपर्यंत चालत जाऊन त्यांनी तो अर्जासोबत रवाना केला.

करकचेरीचे उत्तर आले ते भाच्याने चष्मा पुसून पुन्हा वाचले. दात्यानेच प्रकृतीचा इतका भक्कम पुरावा दिल्यामुळे साधारण तक्ता बाजूला ठेवून उत्तम प्रकृतीचा तक्ता लावण्यात येत होता. त्यात बाईंना एकोणीस वर्षे मिळाली होती. सवलत त्या मानाने घटली आणि कॉट आठाच्या पाच झाल्या.

"तुझ्या तब्येतीनं तीन कॉट खाल्ल्या," भाचा म्हणाला. डॉक्टरांकडून थोडा कमी चांगला दाखला मिळेल का, अशी विचारणाही त्याने केली. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यभर दूध टाळले नाही, जागरण केले नाही, कोणाचे पैसे बुडवले नाहीत, आणि आता निरोगी राहिल्याचा दंड. खोटा दाखला मिळणार नाही, असे त्यांनी ठणकावले. डावा गुडघा दुखतो तेवढे हवे तर लिहा म्हणाल्या, पण गुडघ्याने वर्षे कमी होत नाहीत असे भाच्याने तक्त्यात बघून सांगितले.

आठ दिवसांनी विद्यापीठाचे पत्र आले. कागद जाड आणि मजकूर गोड होता. समितीने बाईंच्या उत्कृष्ट प्रकृतीबद्दल त्यांचे एकमताने अभिनंदन केले होते आणि एकोणीस वर्षे घर रिकामे होणार नसल्याने वसतिगृहाची योजना दीर्घ मुदतीच्या फायलीत ठेवली होती. बाईंनी चपला घातल्या.

देणगी विभागाच्या कचेरीत खुर्च्या इतक्या मऊ होत्या की त्यांत बसून भांडता येत नसे, म्हणून बाई उभ्याच राहिल्या. भिंतीवर हसऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो लावले होते. अधिकारी हळू आवाजात बोलणारा, आर्जवी माणूस होता. त्याने पाणी मागवले, आणि विद्यापीठाला काहीच घाई नाही असे वारंवार सांगितले.

"तुम्ही शंभर वर्षं जगा, बाई. आम्ही थांबू."

"तुम्ही थांबाल हो. मुलींनी कुठे थांबायचं?"

अधिकाऱ्याने समोरचे पेन सरळ केले. यंदा किती मुलींना जागा मिळाली नाही, असे बाईंनी विचारले तेव्हा त्याने कागद बघून बावीस असा आकडा दिला. त्या मग कुठे गेल्या, असेही बाईंनी विचारले.

"त्याची नोंद नसते आमच्याकडे," तो म्हणाला.

बाई त्या मऊ खुर्चीत बसल्या. महिनाभर त्या साऱ्या जगावर चिडल्या होत्या, की जो तो आपल्या मरणावर डोळा ठेवून आहे. आता त्यांच्या ध्यानात आले, की त्या बावीस जणी आणि खोली यांच्या मध्ये कोणी कारकून उभा नाही, आपणच उभ्या आहोत. याचे त्यांना फार वाईट वाटले. वाईट वाटले की त्यांना राग येई, तसा तो आलाच.

"घर आजपासून घ्या. मला फक्त माझी एक खोली राहू द्या," त्या म्हणाल्या.

घरी भाच्याने हे ऐकताच हिशेबाचे यंत्र काढले. खोली ठेवून घेतली तर ती दानाच्या बदल्यात मिळालेली वस्तू ठरते आणि तिची किंमत सवलतीतून वजा होते. पण घर पूर्ण दिले, कसलीही अट घातली नाही, तर पुरी सवलत मिळते. मग आठ नाही, पाच नाही, चक्क दहा कॉट. खोलीत राहायचे तर इतर मुलींसारखे भाडे भरून राहावे.

"माझ्या खोलीचं भाडं मी भरू?"

"तुझी नसेल ती तेव्हा. तीच तर खुबी आहे, आत्या."

बाईंना त्यात खुबी कसली ते दिसेना. पण दहा हा आकडा त्यांच्या मनातून जाईना. त्यांनी सही इतकी दाबून केली की ती खालच्या तीन कागदांवर उमटली.

घरावर पाणी सोडून चार दिवस होतात न होतात तोच अधिकाऱ्याचा फोन आला. त्याचा आवाज नेहमीपेक्षाही मऊ होता. वसतिगृहात फक्त विद्यापीठाच्या विद्यार्थिनींनाच राहता येते, हा नियम त्याच्या नुकताच लक्षात आला होता. बाईंनी फोन ठेवला, पेटी उघडली आणि आपला शाळेचा दाखला शोधून काढला. विद्यार्थिनीच हवी ना, मग ठीक आहे.

वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा अर्ज त्यांनी रांगेत उभे राहून घेतला. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात त्यांनी छापखाना लिहिले. पालकाची सही भाच्याने केली. शिक्षणात खंड पडला असल्यास कारण द्या, असा एक रकाना होता. बाईंनी लिहिले: खोली मिळाली नाही.

प्रवेश मिळाला. मग खोल्यांची यादी लागली. दहा मुलींची नावे होती आणि त्यांत बाईंचे नव्हते. ते खाली, प्रतीक्षायादीत पहिल्या क्रमांकावर होते.

या खेपेला बाई कचेरीत शिरल्या तेव्हा शिपायाने न सांगताच दार उघडले. अधिकाऱ्याने नियम पुढे केला. बाहेरगावच्या मुलींना आधी जागा द्यायची. जिचे राहते घर गावातच आहे तिचा विचार सर्वांत शेवटी.

"गावात कुठलं घर आहे मला? ते तर तुम्हाला दिलं."

"हो बाई, पण अर्जावर पत्ता तोच आहे."

बाईंनी पिशवी टेबलावर आपटली. हरकत घेता येईल, अधिकारी घाईने म्हणाला. प्रकरण विशेष आहे, हरकत मान्यच होईल, तो स्वतः शिफारस करील. बाईंनी तिथेच त्याच्याकडून कागद मागून घेतला. पहिले वाक्य त्यांना तयारच होते, आणि ते कडक होते.

"मान्य झाली की पुढे काय होतं?" लिहिता लिहिता त्यांनी विचारले.

"यादीतलं शेवटचं नाव निघतं."

"आणि ती मुलगी?"

अधिकारी पुन्हा पेन सरळ करू लागला. बाईंनी कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि तो पिशवीत टाकून त्या घरी, म्हणजे विद्यापीठाच्या मालमत्तेत, परत आल्या.

मुली यायच्या दिवशी सकाळी भाचा सामान न्यायला येणार होता. त्याच्या दिवाणखान्यातला सोफा उलगडला की पलंग होतो, असे त्याने सांगितले होते, आणि त्याच्या बायकोनेही या म्हटले होते. बाई दोन बॅगा घेऊन पायरीवर बसून होत्या. दारावरून जाणाऱ्या प्रत्येक वस्तूचा त्यांना राग येत होता. नऊ मुली आल्या, आपापल्या खोल्यांत गेल्या, आणि वर कॉट ओढल्याचे आवाज येऊ लागले. भाच्याची गाडी काही आली नाही.

दहावी आली ती दुपारी. दीड दिवस प्रवास करून आली होती. केसांत धूळ, पायाशी दोरीने बांधलेले खोके, आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलेले पत्र. यादीतले शेवटचे नाव हिचेच होते. पत्रावर खोली क्रमांक एक लिहिले होते. ती बाईंची झोपायची खोली होती.

बाईंनी पत्र घेऊन तपासले. तारीख, शिक्का, सही, सगळे जागच्या जागी होते. चूक एकही सापडली नाही याचेही त्यांना जरा वाईट वाटले.

"तुम्ही इथल्या कोण?" मुलीने भीत भीत विचारले.

"मी इथली प्रतीक्षायादी," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी खोक्याची एक बाजू धरली, मुलीने दुसरी, आणि दोघींनी ते वर नेले. डावा गुडघा कुरकुरला, पण त्याचे त्यांनी ऐकले नाही. खोलीत पोचल्यावर मुलीने पायरीवरच्या बॅगा कोणाच्या ते विचारले. बाईंनी चार वाक्यांत सांगितले. पाचव्या वाक्यात विद्यापीठाबद्दल काही शब्द होते, ते मुलीला आधी ठाऊक नसावेत.

मुलगी दारामागे लावलेल्या नियमांच्या पत्रकापाशी गेली आणि बोट ठेवून वाचू लागली. तिने बराच वेळ वाचले. एका कलमावर ती थांबली. विद्यार्थिनीला तीन दिवसांपर्यंत पाहुणी ठेवता येईल, लेखी अर्ज करावा, नाते नमूद करावे.

"नंतर पुन्हा अर्ज करायचा नाही, असं कुठं लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "मी आजच लिहिते. तुमचं नातं काय लिहू?"

बाई कॉटवर बसल्या. आत्या, मावशी, आजी, सगळी नाती मुलीच्या चेहऱ्यावर तयारच दिसत होती. "तू कुठल्या शास्त्राला आहेस?" बाईंनी विचारले.

"वनस्पती. पहिलं वर्ष."

"मग वर्गमैत्रीण लिही," बाई म्हणाल्या.

मुलीने बाईंच्या पांढऱ्या केसांकडे एकवार पाहिले आणि तसे लिहिले.